काखेत मावेल असा लॅपटॉप

जिनेत कॅलगरीहून आली त्याच्या आदल्या आठवड्यात घरातला जुना कॉम्प्युटर बंद पडला होता. रोझलीनच्या मते ही दोन्ही संकटं एकदम यायला नको होती. कॉम्प्युटर निदान मुकाट्याने गेला. जिनेत मात्र दारात बूट काढता काढताच सुरू झाली.

"केवढं तापवून ठेवलंयस घर. आई गुदमरत असेल."

"आईला थंडी वाजते," रोझलीन म्हणाली. "इथे राहत असतीस तर कळलं असतं."

"झालं सुरू."

"सुरू तू केलंस."

दोघींची आई, एक्झेल्दा मायेट, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. तिने धाकटीपुढे गाल केला, थोरलीकडे पाहिलंही नाही, आणि विचारलं, "विमानात खायला दिलं का काही?"

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, फ्रेंच बोलणाऱ्या काप-पेले गावातलं ते घर एक्झेल्दाचंच. नवरा गेला, पाठोपाठ तिचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हा रोझलीन मासळीच्या कारखान्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून आईकडे राहायला आली ती कायमचीच. तिचं लग्न त्याआधीच मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे 'तुला काय, तू मोकळीच आहेस' असं जो तो तिला सांगून गेला होता. सगळ्यात आधी सांगितलं होतं जिनेतने, तेही फोनवरून. ते वाक्य रोझलीनच्या जिव्हारी लागलं होतं आणि अजून तिथेच होतं. आईला आंघोळ घालायची तिने, गोळ्या द्यायच्या तिने, दारातला बर्फ उपसायचा तिने. जिनेतने वर्षातून एकदा यायचं आणि घर फार तापलंय म्हणायचं.

कॉम्प्युटर म्हणजे एक्झेल्दाच्या दिवसातला मोठा कार्यक्रम. सकाळची कॉफी झाली की ती बोळातल्या टेबलाशी जाऊन बसे. आधी पंचक्रोशीत कोण वारलं ते बघायचं, मग धक्क्यावरचं हवामान, मग मॅसॅच्युसेट्सला राहणारी बहीण लेओना हिची मेल, आणि शेवटी पत्ते. जन्मभर कारखान्यात शेवंडं सोलून तिची बोटं वाकडी झाली होती, पण दोन बोटांनी टकटक करत ती बरंच लिहायची. एकदा तिला 'तुम्हाला बक्षीस लागलंय' अशी मेल आली आणि तिने बँकेच्या कार्डाचा नंबर जवळजवळ देऊनच टाकला. तेव्हापासून रोझलीनने कॉम्प्युटरचा पासवर्ड स्वतःकडे ठेवला होता. आई टेबलाशी बसली की तीही मागे येऊन उभी राहायची, कधी कपड्यांच्या घड्या घालत, कधी नुसतीच. हे सगळं आपण आईच्या भल्यासाठी करतो याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

रात्री जेवायला फ्रिको होता. कोंबडी, बटाटे, आणि रश्श्यात फुगून वर आलेले पिठाचे गोळे. जिनेतने गोळे ताटाच्या कडेला सारले. रोझलीनने ते पाहिलं.

"उद्या माँक्टनला जाऊ," जिनेत म्हणाली. "आईला चांगला लॅपटॉप घेऊन देते. माझ्याकडून."

"मी बघून ठेवलाय." रोझलीनने फ्रिजवर चुंबकाने लावलेलं दुकानाचं पत्रक काढून टेबलावर आपटलं. "हा. मोठा पडदा, मोठी बटणं. बोळातल्या टेबलावर बरोबर बसतो."

"हा लॅपटॉप आहे की शवपेटी? असला कोण घेतं आता?"

"ज्यांना चष्मा लागतो ते घेतात."

"पातळ, धातूचा घेऊ. त्याचा कॅमेराही चांगला असतो. मला आईचा चेहरा नीट दिसायला हवा."

"चेहरा बघायचा तर विमानं आहेत की."

"मला लहान हवाय," एक्झेल्दा म्हणाली.

"लहान पडद्यावर तुला दिसणारे काय, आई?" रोझलीन पत्रकावरून नजर न काढता म्हणाली. "आणि बोटं बघ तुझी."

"लहान असला की स्वस्तातला असतो," जिनेत म्हणाली. "स्वस्तातला सहा महिन्यांत रडायला लागतो."

एक्झेल्दाने पावाच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं. दोन्ही मुलींना वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी रोझलीनच्या गाडीतून तिघी निघाल्या. एप्रिल अर्धा सरला होता. रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळे पडून खचले होते आणि डांबरात जागोजाग खड्डे पडले होते. आई मागे बसली होती. पुढच्या सीटवर पाय अवघडतात म्हणे.

"टायर अजून हिवाळ्याचेच?" जिनेतने विचारलं.

"इथे मेपर्यंत बर्फ पडतो. विसरलीस?"

"विचारलं फक्त."

"तू फक्त विचारत कधीच नाहीस. तू तपासणीला येतेस."

त्यापुढे माँक्टनपर्यंत रेडिओवर कोणीतरी शेवंडांच्या भावाबद्दल बोलत होतं, ते तिघींनी ऐकलं.

दुकानात लांबच लांब टेबलांवर लॅपटॉप उघडून मांडलेले होते, प्रत्येकाला चोरी होऊ नये म्हणून तार बांधलेली. नॉर्मां नावाचा विक्रेता पुढे आला. पन्नाशीचा, लाल शर्ट घातलेला, तोंडात च्युइंगम. रोज सकाळपासून लोकांची भांडणं ऐकायची सवय असल्यासारखा तो दोन बहिणींच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"कोणासाठी बघताय?"

"आईसाठी," दोघी एकदम म्हणाल्या.

"मादाम कॉम्प्युटरवर काय काय करतात?" त्याने रोझलीनला विचारलं.

"मादामना कान आहेत," एक्झेल्दा म्हणाली.

नॉर्मां तिच्याकडे वळून हसला आणि पुन्हा मुलींशीच बोलायला लागला. त्याने आधी रोझलीनचा मोठा लॅपटॉप दाखवला. मग जिनेतचा पातळ, धातूचा. मग आणखी एक, दोन्हींपेक्षा महाग, ज्याचा पडदा उलटा दुमडायचा.

"हा कशाला दुमडायचा?" रोझलीनने विचारलं.

"झोपून सिनेमा बघायला."

"ती झोपली की झोपते."

"तुला कसं माहीत तिला सिनेमा बघायचा नाही?" जिनेत म्हणाली. "विचारलंयस कधी?"

"तू विचार ना. आलीयेस ना चार दिवस."

"हे कशाला, ते कशाला. आईला काही नवीन मिळालं की तुझ्या पोटात दुखतं."

"माझं काय काय दुखतं ते कळायला तुला इथे राहावं लागतं."

शब्दाने शब्द वाढत गेला. बाजूला प्रिंटर बघणारं एक जोडपं हळूच दुसऱ्या रांगेत सरकलं. नॉर्मांने च्युइंगम चघळणं थांबवलं. मोठ्या पडद्याचा डोळ्यांना होणारा फायदा की हलक्या वजनाचा खांद्यांना होणारा, यावरून दोघी बहिणी वडिलांच्या शेवटच्या आजारपणावर आल्या, तेव्हा कोण किती दिवस दवाखान्यात बसलं त्यावर आल्या, आणि कर्कश भोंगा वाजला तेव्हाच गप्प झाल्या.

टेबलाच्या पार टोकाला एक्झेल्दा उभी होती. तिने तिथला सगळ्यात लहान लॅपटॉप मिटून, पाकीट धरावं तसा काखेत धरला होता आणि दोन पावलं चालून पाहिली होती. तार ताणली गेली आणि भोंगा सुटला.

"मादाम, तो उचलायचा नाही," नॉर्मां धावत गेला आणि किल्लीने भोंगा बंद केला.

"वजन न उचलता कसं कळणार? हा चांगला आहे. हा द्या."

"तो नका घेऊ, मादाम. अगदी साधा आहे तो. त्यावर फक्त इंटरनेट चालतं, बाकी काही करता येत नाही."

"मेल येते?"

"येते."

"बातम्या? पत्ते? फोटो?"

"ते सगळं इंटरनेटच झालं."

"मग बाकी काय राहिलं?"

नॉर्मांने मान खाजवली. "मोठे खेळ. व्हिडिओची कापाकापी."

"जन्मभर कापाकापीच केली मी. आता नको." तिने लॅपटॉप टेबलावर ठेवून उघडला, खुर्ची नव्हती तरी वाकून दोन बोटांनी काहीतरी लिहून पाहिलं. बटणं लहान होती, पण तिची बोटं त्यांवर बरोबर पडत होती. चुकली तर ती खोडून पुन्हा लिहीत होती. "बॅटरी किती चालते?"

"एकदा चार्ज केलात की संध्याकाळपर्यंत बघायला नको."

"आणि दुसऱ्याच्या इंटरनेटवर चालतो? समजा, कॉफीच्या दुकानात?"

"वायफाय असेल तिथे कुठेही."

रोझलीन एव्हाना जवळ येऊन उभी होती. सवयीने ती आईच्या मागेच उभी राहिली होती. "कॉफीच्या दुकानात कोण जाणारे, आई? टेबलावरच ठेवायचाय ना. मग हलका काय आणि जड काय?"

"टेबलावर नाही ठेवायचा."

"मग कुठे?"

"बाहेर नेणार मी."

"बाहेर कुठे?"

"तू नसशील तिथे," एक्झेल्दा म्हणाली.

ती मागे वळली नाही. पडद्याकडे बघतच म्हणाली, आणि आवाजही चढवला नाही. रोझलीनला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू. लेओना पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हाची गोष्ट. मी अजून 'प्रिय एक्झेल्दा'च वाचत होते, आणि तू मागून म्हणालीस, अगं बाई, लेओना मावशी पडली. माझी बहीण आहे ती. ती पडल्याचं मला तिच्याकडून कळायला हवं होतं. तुझ्याकडून नाही."

"मी मदत करत होते."

"मी एक ओळ लिहिली की तू तिच्यातली चूक सांगतेस. लेओनाच्याही तशाच चुका होतात. आम्ही दोघी एकाच शाळेतून सहावीत बाहेर पडलो. आमचं आम्हाला कळतं. मी हसले की तू विचारतेस, काय लिहिलंय. नाही हसले तरी विचारतेस. मी कॉम्प्युटरपाशी एकटी बसल्याला किती काळ लोटला ते मला आठवतही नाही."

"त्या बक्षीसवाल्याने तुला लुबाडलं असतं, विसरलीस? पासवर्ड कोणी बदलला तेव्हा?"

"तू बदललास. मग मला सांगितला नाहीस."

रोझलीनने जिनेतकडे पाहिलं. जिनेतच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटू पाहत होतं, आणि ते आईच्याही नजरेतून सुटलं नाही.

"तू हसू नकोस," एक्झेल्दा धाकटीला म्हणाली. "तुला कॅमेरा कशाला हवाय ते मला माहीत आहे. रविवारी दहा मिनिटं माझं तोंड बघितलं की आठवडाभर तू मोकळी. लेओनाच्या शेजारणीला माझ्याबद्दल तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

जिनेतने पर्समधून कार्ड काढलं होतं, ते तिच्या हातातच राहिलं. "निदान पैसे तरी मला भरू दे, आई."

"राहू दे. तुझ्या पैशांनी घेतला तर वर्षभर विचारशील, आवडला का, वापरतेस का. हा माझ्या पेन्शनमध्ये बसतो. म्हणून तर हाच." तिने नॉर्मांला विचारलं, "पैसे कुठे भरायचे?"

रोझलीन गाडीत जाऊन बसली. थोड्या वेळाने जिनेत बाहेर आली, गाडीत न बसता खिडकीशी उभी राहिली आणि काच ठोठावली. रोझलीनने काच जेमतेम बोटभर खाली केली.

"तू तिची जेलर झालीयस, कळतंय का तुला?"

"असेन. जेलरला निदान कैद्याच्या गोळ्यांच्या वेळा माहीत असतात. तू कोण? भेटीला येणारी."

"तिला असं वाटतंय हे मला कळलं असतं तर मी आले असते."

"नसती आलीस."

वाऱ्याने जिनेतचे केस तोंडावर येत होते, ते तिने बाजूला केले नाहीत. "नसते आले," ती शेवटी म्हणाली. "पण म्हणून तू बरोबर ठरत नाहीस."

रोझलीनने काच वर केली.

जिनेतचे उरलेले दिवस तसेच गेले. तिने आईबरोबर बसून लॅपटॉप चालू करून दिला, आणि पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा स्वतः होऊन तोंड फिरवलं. ते रोझलीनने स्वयंपाकघरातून पाहिलं आणि भांडी जरा जास्तच जोरात घासली. विमानतळावर दोघी बहिणींनी एकमेकींच्या गालाला गाल लावला, दोन्ही बाजूंनी, रीतीप्रमाणे. त्यात जीव नव्हता.

सोमवारी सकाळी एक्झेल्दा कोट घालून, गळ्यात पिशवी अडकवून दाराशी आली.

"मला हायवेवरच्या कॉफीच्या दुकानात सोड."

"मला कामं आहेत," रोझलीन म्हणाली. तिला काही काम नव्हतं. "घरात इंटरनेट आहे. खोलीत जा, दार लाव. मी येत नाही."

"दारापलीकडून तुझी चाहूल येते."

"म्हणजे आता मी श्वासही घ्यायचा नाही?"

"घे की. मी बाहेर जाते." आणि तिने दार उघडलं.

ती वळून परत येईल म्हणून रोझलीन थांबली. खिडकीतून तिला आई रस्त्याला लागलेली दिसली, एका हाताने काठी टेकत, दुसऱ्या हाताने पिशवी पोटाशी धरून. रस्त्याला फूटपाथ नव्हता. कडेला चिखल आणि बर्फाचा लगदा, आणि कारखान्याचे ट्रक चिळकांड्या उडवत जात होते. रोझलीनने चहा करायला ठेवला. मग तो बंद केला आणि ती चपलांतच गाडीपर्यंत धावली.

तिने आईला गाठलं तेव्हा ती चर्चच्या पुढे गेली होती. रोझलीनने काच खाली करून गाडी तिच्या चालीने चालवायला सुरुवात केली.

"बस आत."

"नाही."

"आई, पडशील. पडलीस तर पुन्हा माझ्याच गळ्यात."

"बघ. म्हणूनच नाही बसत."

"लोक बघतायत."

"बघू देत. तू बघतेस त्यापेक्षा कमीच बघतील."

"म्हणजे मी इतकी वर्षं तुझ्यासाठी जे केलं, ते सगळं पाण्यात?"

एक्झेल्दा थांबली. धाप लागली होती तिला. "ते पाण्यात नाही. तू माझे पाय धुतेस, माझी नखं कापतेस. ते मी कधी विसरले नाही. पण माझं सगळंच तुझ्या हातात गेलंय, रोझलीन. मला बाथरूमलासुद्धा तुला सांगून जावं लागतं. एक एवढीशी गोष्ट माझी होती, तिच्यावरही तू येऊन उभी राहिलीस. मला तुझा राग येतो. रोज सकाळी उठल्यावर येतो. तुझ्याकडे बघून येतो. हे तुला ऐकायचं होतं का?"

मागे एका ट्रकने भोंगा दिला, मग दुसऱ्याने. रोझलीनच्या डोळ्यांपुढे रस्ता अंधुक झाला, पण रडायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. आईसमोर तर नाहीच.

"मलाही तुझा येतो," ती म्हणाली. "रोज. तुला कपडे घालताना येतो. तू 'आभारी आहे' म्हणत नाहीस तेव्हा येतो. जिनेतचा फोन आला की तुझा आवाज बदलतो, तेव्हा तर फारच येतो."

आईने तिच्याकडे पाहिलं. मागचा ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून शिव्या द्यायला लागला, तेव्हा तिने काठी आत टाकली आणि बसली.

"सोड मला तिथे. आत येऊ नकोस."

"नाही येत."

रोझलीनने दुकानाच्या दाराशी गाडी लावली. आई उतरली, बुटांचा चिखल आपटून झाडला आणि आत गेली. रोझलीन निघणार होती, पण गाडी चालूच ठेवून बसून राहिली.

मोठ्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. एक्झेल्दाने कॉफी घेतली, टेबलं न्याहाळली आणि कोपऱ्यातलं एक निवडलं. भिंतीला पाठ लावून बसली. तिच्या मागे कोणी उभं राहायला जागाच नव्हती. तिने लॅपटॉप काढला, उघडला, चष्मा बदलला. बराच वेळ ती वाचत होती. मग तिने तोंडावर हात घेतला, आणि तिचे खांदे हलायला लागले.

रोझलीन दचकून पुढे झाली. मग तिला कळलं की आई हसतेय. मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतेय. हात बाजूला झाला तेव्हा वाकड्या बोटांमागचं ते तोंड शाळकरी पोरीसारखं दिसलं. लेओनाने काय लिहिलं असेल ते रोझलीनला इथून वाचता येत नव्हतं. आणि हे हसू तिने याआधी कधी पाहिलं नव्हतं, कारण घरी ती कायम आईच्या मागे उभी असायची. तिथून फक्त पडदा दिसायचा.

तिला बरं वाटलं नाही. एवढी वर्षं मी घरात राबले, आणि हिला हसायला हायवेवरचं दुकान लागतं. तिने गाडी मागे घेतली ती इतक्या जोरात की कचऱ्याच्या डब्याला घासता घासता वाचली.

घरी जायला तिला नको झालं होतं. ती धक्क्यावर गेली. हंगामाची तयारी चालली होती. होड्यांजवळ शेवंडांचे सापळे रचून ठेवले होते आणि दोर रंगवणाऱ्यांच्या हातांना केशरी डाग पडले होते. कारखान्याच्या ऑफिसाबाहेर तिची जुनी सहकारी नादेज सिगारेट ओढत उभी होती.

"रोझलीन? तू सकाळची बाहेर कशी? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. फारच बरी आहे."

नादेजने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. "हंगामात ऑफिसात माणसं कमी पडतायत. सकाळचं कोणी मिळत नाही. तुला जमणार नाही म्हणा."

"का नाही जमणार?"

"आई असते ना तुझी."

"तिला विचारून मी सगळं करत नाही," रोझलीन ताडकन म्हणाली, आणि म्हटल्यावर लक्षात आलं की आता मागे घेता येणार नाही. घ्यावंसंही वाटलं नाही.

ती परत दुकानाशी आली तेव्हा एक्झेल्दाने आतूनच हाताने खूण केली, थांब, अजून आहे. रोझलीन गाडीत बसून वाट बघत राहिली आणि सगळा वेळ धुमसत राहिली. आई आली तेव्हा तिच्या अंगाला कॉफीचा वास येत होता आणि गाल लाल झाले होते.

"मी कारखान्यात परत जातेय," रोझलीन म्हणाली. "सकाळच्या वेळेला. हंगाम संपेपर्यंत तरी."

"मला न विचारता?"

"न विचारता."

एक्झेल्दाने पट्टा लावायला वेळ घेतला. बोटं नीट जमत नव्हती. रोझलीनने हात पुढे केला नाही. "मग मला इथे कोण सोडणार?"

"व्हालमाँ रोज सकाळी इकडेच येतो. शेजारी आहे, त्याला विचार."

"व्हालमाँ फार बडबड करतो."

"तो तुझा प्रश्न आहे."

"माझ्या दुपारच्या गोळ्या?"

"मी बाराला घरी असेन. आणि डबीत काढून ठेवीन. डबी उघडता येते तुला. लॅपटॉप उघडता येतो तर डबीही येईल."

हे कठोर झालं, हे तिला बोलतानाच कळलं. आईने त्यावर वळून तिच्याकडे पाहिलं. रागाचंच बघणं होतं ते, पण यावेळी आईला आपण नीट, समोरून दिसतोय असं रोझलीनला वाटलं.

"बरं," एक्झेल्दा म्हणाली.

मे महिन्यात पहिली मासळी आली आणि रोझलीन कामाला लागली. ऑफिसातल्या पहिल्या आठवड्यात तिने दोनदा भांडण केलं, एकदा तर नादेजशीच, आणि दोन्ही वेळा तिला बरं वाटलं. घरात काही गोडी आली नाही. बोळातलं टेबल रिकामंच राहिलं. एके संध्याकाळी रोझलीनला बँकेचं काहीतरी बघायचं होतं म्हणून तिने आईचा लॅपटॉप मागितला. आई म्हणाली, "तुझा तू घे." रोझलीनने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. एक्झेल्दानेही तो खुशाल चालू दिला. जिनेतचा रविवारी फोन येई, कधी एक्झेल्दा तो घेई, कधी हातातले पत्ते संपायचे आहेत म्हणून घेत नसे, आणि मग जिनेत रोझलीनला फोन करून विचारी, आई रागावलीय का. "तिलाच विचार," रोझलीन म्हणायची आणि फोन ठेवायची.

व्हालमाँने एक्झेल्दाला न्यायचं कबूल केलं होतं. एका सकाळी रोझलीन निघायच्या घाईत होती आणि आई आधीच दाराशी तयार होऊन उभी होती. तिच्या कोटाची बटणं एक घर चुकून लागली होती. एका बाजूची कड मानेपाशी वर आली होती आणि खाली दुसरी लोंबत होती. रोझलीनचा हात आपोआप उचलला गेला. मग तिने तोच हात पुढे नेऊन खुंटीवरची किल्ली घेतली.

"काय बघतेस?" एक्झेल्दाने विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी बघत होतीस."

"मला उशीर होतोय, आई."

ती पायऱ्या उतरून गाडीत बसली. समोरून व्हालमाँची गाडी येत होती आणि तो खिडकी उघडी ठेवून आधीच काहीतरी बोलत होता. आरशात रोझलीनला आई दिसली. तिने दारातच थांबून, मान खाली घालून, एका हाताने कोट चाचपला, वरचं बटण काढलं, आणि तशीच उभी राहून एकेक करत सगळी पुन्हा लावायला घेतली. व्हालमाँने भोंगा दिला.

"थांब जरा," रोझलीनला आईचा आवाज ऐकू आला. "घाई कसली आहे तुला?"

रोझलीनने गाडी रस्त्याला काढली.